गोल्फचा खेळ व यंत्रविद्या

मनुष्य काम करितां करितां आपलीं हत्यारें सुधारीत जातो, हें सर्वांस ठाऊक आहे. नांगर सुधारला म्हणजे शेत लवकर नांगरून होतें, चरक सुधारला म्हणजे उंसाचा रस अधिक निघतो, आणि अशा सुधारणेनें कोणाचेंहि मन खट्टू होत नाहीं. पण खेळाची गोष्ट निराळी आहे. खेळांत काम लवकर उरकणें हा हेतूच नसतो. खेळांतील अडचण आपण होऊन पत्करलेली असते, आणि ती आपल्या कौशल्यानें ओलांडण्यांतच खेळणाराचा सारा आनंद असतो. तर मग खेळाचें हत्यार सुधारलें असतां खेळ सुधारतो कीं बिघडतो? हा प्रश्न ज्या खेळांत पिढ्यान् पिढ्या वादाचा विषय होऊन राहिला आहे, त्या गोल्फच्या खेळाची थोडी माहिती आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमच्या मुलांपैकीं पुष्कळांनीं गोल्फ प्रत्यक्ष पाहिला नसेल. म्हणून आरंभीं त्याचें स्वरूप सांगितलें पाहिजे. एका विस्तीर्ण मैदानांत दूरदूर अठरा लहान खळगे केलेले असतात. गोट्या खेळतांना मुलें जमिनींत करतात त्यासारखेच हे खळगे. प्रत्येकाची रुंदी सव्वाचार इंच. एका ठराविक जागेवरून काठीनें टोला मारून चेंडू त्या खळग्याकडे न्यावयाचा व शेवटीं त्यांत लोटावयाचा. आरंभाच्या जागेपासून खळगा कधीं शंभर-दीडशें यार्डांवर, तर कधीं पांचशें यार्डांहूनहि दूर असतो. मध्यें उंच गवत, वाळूचे खड्डे, पाणी, झाडें अशीं विघ्नें असतात. जो कमींत कमी टोल्यांत अठराहि खळगे पुरे करील तो जिंकला. यांत एक गोष्ट वाचकांनीं नीट ध्यानांत ठेवावी. तीनशें यार्ड लांब गेलेला टोला आणि वीतभर अंतरावरून खळग्यांत लोटलेला टोला, या दोहोंची गणना सारखीच, म्हणजे एक.

हा खेळ स्कॉटलंड देशांतला. तेथील लोकांस त्याचें इतकें वेड लागलें होतें कीं, १४५७ सालीं राजा दुसरा जेम्स याच्या वेळच्या पार्लमेंटानें गोल्फ व फुटबॉल या दोहोंसहि मनाई केली. कारण लोक धनुर्विद्येचा अभ्यास टाकून मैदानांत रमत. खेळाचे जुन्यांत जुने लेखी नियम १७४४ सालचे असून ते अवघे तेरा होते. पुढें स्कॉच लोक जेथें गेले तेथें हा खेळ गेला. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ सालीं स्थापन झाला. ब्रिटिश बेटांच्या बाहेर इतका जुना क्लब दुसरा नाहीं. मुंबईस चेंबूर येथील क्लब १९२७ सालचा आहे.

आतां चेंडूकडे वळूं. कारण या खेळांतील बहुतेक स्थित्यंतरें चेंडूपासूनच निघालीं आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चांगला चेंडू म्हणजे पिसांचा चेंडू. चामड्याची लहान पिशवी भिजवून शिवीत आणि तिच्यांत हंसाचीं उकडलेलीं पिसें ठासठासून भरीत. वाळतांना चामडें आटे व पिसें फुगत, त्यामुळें चेंडू दगडासारखा टणक होई. चांगल्या कारागिराच्या हातूनहि दिवसाकांठीं असे तीन-चारच चेंडू होत. म्हणून किंमत भारी; आणि पाऊस लागला कीं चेंडू जड होऊन शिवण उसवे. अर्थात् हा खेळ सधनांनींच मनसोक्त खेळावा, अशी स्थिति होती.

सुमारें १८४८ सालीं गट्टापर्चाचा चेंडू आला. मलायाकडील एका झाडाच्या चिकापासून हा पदार्थ होतो. गरम पाण्यांत तो मऊ होतो व थंड झाला म्हणजे पुन्हां कठीण बनतो. तेव्हां साच्यांत दाबून चेंडू करणें हें काम कोणाहि हुशार मुलास करतां येण्यासारखें झालें. चेंडू बिघडला तर पुन्हां गरम करून नवा करावा. किंमत एकदम उतरली, आणि कारकून, सुतार, दुकानदार हे लोक मैदानांत दिसूं लागले. एका झाडाच्या चिकानें हा खेळ गरिबाच्या आवांक्यांत आणला, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

पण ज्यांचें पोट पिसांच्या चेंडूवर होतें त्यांचें काय? सेंट अँड्र्यूज गांवीं ॲलन रॉबर्टसन या नांवाचा एक मोठा खेळाडू होता. तोच चेंडूंचा नामांकित कारागीरहि होता. त्याच्या हाताखालीं टॉम मॉरिस हा तरुण काम करी. नवा चेंडू आपल्या धंद्याच्या मुळावर येणार हें रॉबर्टसननें ओळखलें. मॉरिस एके दिवशीं नव्या चेंडूनें खेळतांना त्याच्या दृष्टीस पडला. तेवढ्यावरून दोघांत बिनसलें, आणि १८५१ सालीं मॉरिस प्रेस्टविक येथें निघून गेला. पुढें रॉबर्टसनलाहि नवेच चेंडू करावे लागले. मॉरिसनें मात्र १८६० पासून प्रेस्टविकास सुरू झालेली ओपन स्पर्धा चार वेळां जिंकली. नवी वस्तु येते तेव्हां ती एकाचा मार्ग मोकळा करते आणि दुसऱ्याची भाकर हिरावते. हें हातमागाविषयीं आपण ऐकतों, तेंच येथेंहि घडलें.

गट्टापर्चाच्या चेंडूनें एक शास्त्रीय कोडेंहि पुढें आणलें. नवा गुळगुळीत चेंडू नीट उडेना. थोड्याच अंतरावर जाऊन तो खालीं बसे. उलट खेळून खेळून ओरखडे पडलेला जुना चेंडू लांब व सरळ जाई. खेळाडूंनीं यावरून बोध घेतला आणि नव्या चेंडूंवर हातोडीनें मुद्दाम टांचे पाडावयास सुरुवात केली. पुढें १९०५ सालीं विल्यम टेलर या इंग्रज गृहस्थानें चेंडूवर वाटोळ्या खळ्या पाडण्याची युक्ति काढली. तीच आजवर चालत आली आहे. हल्लींच्या चेंडूवर अशा तीनशें ते पांचशें खळ्या असतात.

या खळ्यांनीं काय होतें तें विद्यार्थ्यांनीं लक्ष देऊन समजून घ्यावें. चेंडू हवेंतून धांवत असतां हवेचा एक अतिशय पातळ थर त्याच्या अंगास लगटून असतो. चेंडू गुळगुळीत असला तर हा थर त्याचें अंग लवकर सोडतो, आणि चेंडूच्या पाठीमागें खळबळणाऱ्या हवेचा रुंद पट्टा तयार होतो. तेथें दाब कमी असतो. त्यामुळें चेंडू जणूं मागें ओढला जातो. अंगावर खळ्या असल्या म्हणजे लगतचा थर घुसळला जाऊन त्यास जोर येतो, तो अधिक वेळ चिकटून राहतो, आणि मागचा पट्टा अरुंद होतो. ओढ सुमारें निम्म्यावर येते. खडबडीत वस्तूपेक्षां गुळगुळीत वस्तु नेहमींच सहज जाते, ही आपली समजूत येथें सपशेल खोटी ठरते.

दुसरें कारण चेंडूच्या फिरण्यांत आहे. काठीचें तोंड किंचित् मागें कललेलें असल्यामुळें टोला बसतांच चेंडू उलटा फिरूं लागतो. म्हणजे त्याची वरची बाजू मागें जाते. असा फिरणारा चेंडू आपल्या भोंवतालची हवा खालीं लोटतो, आणि क्रियेस प्रतिक्रिया असते या न्यूटनच्या नियमाप्रमाणें हवा त्यास वर उचलते. एडिंबरोचे प्रोफेसर टेट यांनीं १८९० नंतरच्या कांहीं वर्षांत गणितानें याचा विचार करून, चेंडूच्या लांब उड्डाणाचें रहस्य त्याच्या उलट्या फिरण्यांत आहे असें दाखविलें. त्यांचा मुलगा फ्रेडी टेट हा १८९६ व १८९८ या सालीं हौशी खेळाडूंचा अजिंक्यवीर झाला. बाप कागदावर चेंडू उडवी व मुलगा मैदानावर. आणि दोघांचाहि अभ्यास खराच होता.

याच सुमारास अमेरिकेंत कोबर्न हॅस्केल यानें रबराच्या कारखान्यांतील आपल्या मित्राच्या मदतीनें तिसरा चेंडू निर्माण केला. रबराचा लांब दोरा ताणून गुंडाळीत जावयाचा व वरून आवरण घालावयाचें. १८९९ सालीं त्यास पेटंट मिळालें. १९०२ सालीं सँडी हर्ड यानें या चेंडूनें ओपन स्पर्धा जिंकली, आणि गट्टापर्चाचे दिवस संपले. शंभर वर्षें हा दोऱ्याचा चेंडू टिकला. शेवटीं २००० सालापासून आंत भरीव रबराचा गाभा व वर पातळ युरेथेनचें आवरण असलेले चेंडू थोर खेळाडूंच्या हातीं आले. हे लांबहि जातात आणि खळग्याजवळ नेमके थांबतातहि. पूर्वीं या दोन गुणांपैकीं एकच पदरीं पडत असे.

काठीची कथाहि अशीच आहे. जुन्या काठ्यांच्या दांड्या हिकरी नांवाच्या अमेरिकन लाकडाच्या असत. लांकूड टोल्याच्या वेळीं पीळ खातें. म्हणून प्रत्येक काठीचा स्वभाव निराळा, आणि खेळाडूस तो ओळखून खेळावें लागे. १९२९ सालीं स्कॉटलंडच्या नियामक क्लबानें पोलादी दांड्यांस परवानगी दिली. आतां सगळ्या काठ्या एका नमुन्याच्या होऊं लागल्या. पुढें १९७० नंतर कोळशाच्या तंतूंच्या हलक्या दांड्या निघाल्या. हलकी काठी अधिक वेगानें फिरते, आणि वेग वाढला कीं अंतर वाढतें.

लांब टोल्याच्या काठीचें डोकें पर्सिमन झाडाच्या लाकडाचें असे. हें झाड आपल्या टेंभुर्णीच्याच कुळांतलें होय. १९७९ सालीं त्याऐवजीं पोकळ पोलादाचें डोकें विक्रीस आलें, आणि पुढें टायटॅनियम धातूचें. धातु बळकट व डोकें पोकळ असल्यामुळें तें मोठें करून त्याचें वजन कडेला पसरतां येऊं लागलें. याचा उपयोग असा : खांद्यावर भरलेली कावड घेतलेल्या मनुष्यास चटकन् गिरकी घेतां येत नाहीं, कारण वजन दोहों टोंकांस असतें. तद्वत् कडेला वजन असलेली काठी चेंडू मध्यावर न लागतांहि फारशी वळत नाहीं. चुकलेला टोलाहि बराचसा सरळ जातो. शिवाय पातळ धातूचें तोंड टोल्याच्या क्षणीं किंचित् दबून उसळतें व चेंडूस अधिक वेग देतें. नवशिक्यास हें वरदानच वाटलें.

तिसरा फेरफार मोजमापाच्या यंत्रांचा. आगगाडी जवळ येतांना शिटीचा स्वर चढा व दूर जातांना उतरता लागतो, हें मुलांनीं ऐकलेंच असेल. याच तत्त्वावर रेडिओलहरी चेंडूवर सोडून परत येणाऱ्या लहरींतील फरकावरून त्याचा वेग, उंची व फिरकी मोजणारीं यंत्रें निघालीं आहेत. डेन्मार्कमधील एका कंपनीनें २००३ पासून या विद्येचा गोल्फमध्यें प्रसार केला. खेळाडूस आपल्या टोल्याचा जमाखर्च तत्काळ समोर दिसतो. पूर्वीं गुरु म्हणे, ‘तुझें मनगट सैल आहे’. आतां यंत्र आंकडे सांगतें. दुर्बिणीसारख्या उपकरणानें खळग्याचें अंतर पाहण्यास २०१९ च्या नियमांनीं सर्वसाधारण मुभा दिली. २०२५ च्या जानेवारींत अमेरिकेंतील फ्लोरिडा प्रांतीं तर छपराखालीं प्रचंड पडद्यावर टोले मारण्याचे सामने सुरू झाले.

या सर्वांचा परिणाम काय झाला? अमेरिकेंतील व्यावसायिक स्पर्धांत लांब टोल्याचें सरासरी अंतर १९८० सालीं सुमारें २५७ यार्ड होतें. २०२३ सालीं तें ३०० यार्डांच्या घरांत गेलें. यांत खेळाडूंच्या व्यायामाचा व शिक्षणाचाहि वांटा आहे. पण हत्यारांचा वांटा मोठा आहे, याविषयीं दुमत नाहीं. टोला वाढला म्हणून मैदानें वाढवावीं लागलीं. ऑगस्टा येथील प्रसिद्ध मैदान १९९७ सालीं ६,९२५ यार्डांचें होतें. त्या वर्षीं एकवीस वर्षांच्या टायगर वुड्सनें तेथें बारा टोल्यांनीं विजय मिळविला. आतां तें मैदान ७,५०० यार्डांहून लांब आहे. सेंट अँड्र्यूजचें जुनें मैदान गांव व समुद्र यांच्या मधोमध सांपडलेलें. तरी तेथेंहि २०१० च्या ओपन स्पर्धेसाठीं सतराव्या खळग्याची सुरुवातीची जागा मागें न्यावी लागली.

मैदान लांबविणें हें तोंडानें बोलण्याइतकें स्वस्त नाहीं. जितकी जमीन अधिक तितकें गवत अधिक, पाणी अधिक, कापणीचा खर्च अधिक. आणि तो सर्व खर्च शेवटीं खेळणाराच्या माथीं येतो. जेथें वैशाखांत लोक घागर घेऊन कोसभर चालतात, त्या आपल्या प्रांतांत तरी ही गोष्ट क्षुल्लक मानतां येणार नाहीं. गट्टापर्चाच्या चेंडूनें खेळ स्वस्त करून त्याचें दार उघडलें. लांब जाणारा नवा चेंडू तेंच दार पुन्हां लोटूं पाहत आहे. दोन्ही शोधच, पण एकानें खेळणारे वाढविले व दुसऱ्यानें केवळ अंतर वाढविलें. कोणत्याहि सुधारणेची परीक्षा करतांना हा भेद ध्यानांत धरावा, असें आम्हांस वाटतें.

खेळाच्या नियामक मंडळांनीं हा भेद ओळखून वेळोवेळीं मर्यादा घातल्या आहेत. एके काळीं खेळाडू वीस-पंचवीस काठ्या बरोबर बाळगीत. तेव्हां प्रत्येक अडचणीस निराळी काठी काढणें म्हणजे कौशल्य विकत घेणें होय, अशा विचारानें अमेरिकेंत १९३८ व ब्रिटनमध्यें १९३९ सालीं चौदा काठ्यांची मर्यादा ठरली. चेंडू ४५.९३ ग्रॅमहून जड व ४२.६७ मिलिमीटरहून लहान असूं नये, असा नियम आहे. काठीचें डोकें ४६० घन सेंटिमीटरहून मोठें नसावें, असें २००४ पासून ठरलें. आणि २०२३ च्या डिसेंबरांत चेंडूच्या लांबीची कसोटी अधिक कडक करण्याचा निर्णय जाहीर झाला. त्यावर मोठा वाद माजला. कारखानदार म्हणतात, लोकांस लांब टोल्याची मौज वाटते, ती कां हिरावतां? मंडळें म्हणतात, आम्ही आज थांबविलें नाहीं तर उद्यां मैदानें पुरणार नाहींत. दोघांच्याहि म्हणण्यांत तथ्य आहे; परंतु मर्यादा नसलेला खेळ हा खेळच उरत नाहीं, हें आम्ही विसरतां कामा नये.

येथें कोणी विचारील, यंत्रांनीं इतकें केलें, तर मनुष्यास करावयाचें काय उरलें? याचें उत्तर आपल्याच देशांतील दोन उदाहरणांत आहे. दिल्लीच्या मैदानावर दुसऱ्यांच्या काठ्या वाहतां वाहतां खेळ शिकलेला अली शेर १९९१ सालीं इंडियन ओपन स्पर्धा जिंकला. त्याचा गुरु कोणतेंहि यंत्र नव्हतें. पाहणारे डोळे व न थकणारे हात हेच त्याचे गुरु. दुसरें उदाहरण अदिति अशोक हिचें. २०२१ सालीं तोकियो येथें भरलेल्या ऑलिंपिक सामन्यांत तिचा लांब टोला प्रतिस्पर्धी मुलींच्या मानानें पुष्कळच आंखूड पडत असे. तरी खळग्याजवळच्या अचूक टोल्यांच्या बळावर ती चौथी आली; कांस्यपदक एकाच टोल्यानें हुकलें. प्रत्येक टोल्याची गणना एकच, असें आम्हीं आरंभीं सांगितलें, त्याचें मर्म हें आहे. चेंडू दूर नेण्यास यंत्रविद्या मदत करील. पण हातभर अंतरावर उभें राहून मन स्थिर ठेवण्याचें काम ज्याचें त्यालाच करावें लागतें.

याहूनहि मोठी एक गोष्ट सांगून हा लेख पुरा करूं. १९२५ सालीं अमेरिकेच्या ओपन स्पर्धेंत बॉबी जोन्स हा तरुण खेळाडू उंच गवतांतून टोला मारण्याच्या तयारींत असतां चेंडू किंचित् हलला. दुसऱ्या कोणास तें दिसलें नव्हतें. त्यानें आपण होऊन तें पंचांस सांगितलें व एका टोल्याचा दंड घेतला. स्पर्धेच्या अखेरीस त्याची व विली मॅकफर्लेनची बरोबरी झाली, पुन्हां सामना खेळावा लागला, आणि जोन्स एका टोल्यानें हरला. तो एक दंड घेतला नसता तर बरोबरी झालीच नसती. याच्या उलट २०१७ सालीं लेक्सी थॉम्पसन या अमेरिकन मुलीनें हिरवळीवर चेंडू परत ठेवतांना तो किंचित् बाजूस ठेवला, हें घरीं बसून चित्रें पाहणाऱ्या एका प्रेक्षकाच्या ध्यानांत आलें. दुसऱ्या दिवशीं खेळ चालू असतां तिला चार टोल्यांचा दंड सांगण्यांत आला, आणि हातचा विजय गेला. तिनें तें जाणून केलें असें आमचें म्हणणें नाहीं. पुढें लवकरच नियामकांनीं ठरविलें कीं, जें नुसत्या डोळ्यांस दिसणें शक्य नव्हतें तें केवळ चित्रावरून खेळाडूच्या माथीं मारूं नये. आणि २०१८ पासून प्रेक्षकांच्या तक्रारी घेणेंहि बंद झालें.

म्हणजे जगांतील सर्वांत तीक्ष्ण यंत्र हातीं असतांहि नियामकांनीं अखेर भरंवसा ठेवला तो खेळाडूच्या सचोटीवर व मैदानावरील पंचांवर. विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या अभ्यासांतहि आतां अनेक यंत्रें आलीं आहेत. गणित तीं सोडवितात, निबंधहि लिहून देतात. त्यांचा धिक्कार करण्याचें कारण नाहीं. फक्त प्रत्येक वेळीं एवढेंच विचारावें : या यंत्रानें माझें बळ वाढलें, कीं माझ्या बळाची जागा त्यानें घेतली? पालकांनींहि आपल्या मुलांच्या हातीं नवें साधन देतांना हाच प्रश्न मनांत धरावा. चेंडू पिसांचा असो, चिकाचा असो किंवा रबराचा असो. तो हलला कीं नाहीं हें खरें सांगणारा मनुष्य मात्र आपल्यालाच घडवावा लागणार आहे.